हजेरी

लग्ने जुळवणे, भिशी चालवणे आणि सोसायटीचे सेक्रेटरीपद पत्करणे या तीन गोष्टी शहाण्या माणसाने आपण होऊन कधी अंगावर घेऊ नयेत, असे आमच्या ह्यांचे जुने मत आहे. अलीकडे त्यांनी त्या यादीत चौथ्या गोष्टीची भर घातली आहे. ती म्हणजे कॉलेजातल्या जुन्या वर्गाचे स्नेहसंमेलन भरवणे! ही भर कोणामुळे पडली, हे वेगळे सांगायला नकोच.

त्याचे असे झाले. २०२३ च्या गणपतीत आमच्या वर्गातले आम्ही सहासात जण एका मैत्रिणीकडे आरतीला जमलो होतो. मोदक झाले, कॉफी आली आणि कोणीतरी म्हणाले, "अरे, १९७४ ला आपण बी. ए. झालो. येत्या वर्षी पन्नास वर्षं होतील. सगळ्यांना एकदा जमवायला हवं."

"हवंच!" सगळे एकदम म्हणाले.

"पण करणार कोण?"

यावर खोलीत जी शांतता पसरली ती काय सांगू! जो तो आपापल्या कपाच्या तळाशी काहीतरी शोधू लागला. मी जन्मभर बँकेच्या काउंटरवर बसलेली बाई. समोर माणसे उभी आहेत आणि एकही खिडकी उघडत नाही, हे मला पाहवत नाही. "मी करीन," मी म्हणून गेले. तत्क्षणी सर्वांची कॉफी पूर्ववत सुरू झाली.

"स्वतःचा गुडघा धड नाही आणि वर्ग गोळा करायला निघालीस!" एवढेच हे म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी शंभर पानी वही आणि दोन बॉलपेने आणून ठेवली, हेही सांगितले पाहिजे.

पहिली सभा आमच्याच दिवाणखान्यात भरली. माणसे पाच होती आणि मते नऊ. डिसेंबरात निम्मी मंडळी मुलांकडे अमेरिकेत, फेब्रुवारीत एकाचा मोतीबिंदू, मार्चमध्ये नातवंडांच्या परीक्षा, असे करता करता संक्रांतीनंतरचा रविवार तेवढा मोकळा निघाला. मग कार्यालय. पूर्वी आम्ही कार्यालय बघायला गेलो, की हॉल केवढा आणि पाण्याची सोय कशी हे विचारत असू. आता पहिला प्रश्न लिफ्टचा आणि दुसरा कमोडचा. जेवणात जिलबी असावी की नसावी यावर तासभर वाद झाला. आमच्या पाचांत चौघांना मधुमेह आणि जिलबीचा आग्रह नेमका त्या चौघांचाच!

फोनवर वर्गाचा गट निघाला. त्यावर रोज पहाटे गुलाबाची फुले आणि 'सुप्रभात' यांचा पाऊस पडे. मात्र "आपण येणार ना?" असे विचारले, की पुढच्या सुप्रभातपर्यंत सारे चिडीचूप.

तरी या सगळ्यात एक मौज होती. खरी अडचण पुढेच होती आणि ती यादीची.

मुलगे भराभर सापडले. पुरुषाचे नाव बारशापासून पेन्शनपर्यंत एकच असते. एकाला धरले की त्याच्यामागून दुसरा येतो. हरवल्या होत्या त्या मुली. मुली म्हणजे आता सत्तरीच्या आज्या. पण यादीत त्या मुलीच. आमच्या वेळी लग्नात मुलीचे आडनाव बदले, वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचे येई आणि पुष्कळदा पाळण्यातले नावही जाई. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्याने सोन्याच्या अंगठीने त्यांत नवे नाव लिहायचे आणि सगळ्यांना पेढे वाटायचे. मोठा हौसेचा प्रसंग! मीही लाजत लाजत त्या ताटापुढे बसले होते. पुढे नोकरीत पदवीचे प्रमाणपत्र एका बाईचे आणि रेशनकार्ड दुसरीचे, असा घोळ झाला, तेव्हा या दोन्ही बाया एकच आहेत असे मी स्टँपपेपरवर लिहून दिले. पण आमचा अर्धा वर्ग त्या तांदळात पुरला गेला आहे, हे मला पन्नास वर्षांनी यादी करायला बसले तेव्हा उमगले.

शेवटी मी कॉलेजच्या कचेरीत गेले. तिथला मुलगा माझ्या नातवाच्या वयाचा. म्हणाला, "आजी, हजेरीपट इतकी वर्षं ठेवत नाहीत. पण जनरल रजिस्टर आहे. बसा तुम्ही." त्याने पंखा लावून दिला आणि ते जाडजूड रजिस्टर दोन्ही हातांनी आणून माझ्यापुढे ठेवले. विद्यार्थ्याचे नाव, वडिलांचे नाव, गाव, जन्मतारीख, दाखला नेल्याची तारीख. निळी शाई विटून जांभळी झालेली.

तिथे मला किल्ली सापडली. सासरचे नाव कोणाला ठाऊक नसले, तरी माहेरचे घर सहसा जागचे हलत नाही. भाऊ नाही तर भाचरे असतात. मी वडिलांच्या नावावर आणि गावावर पोस्टकार्डे टाकू लागले. रोज पाच. फोन येऊ लागले. "आमची ताई ना? ती नागपूरला असते. थांबा, नंबर देतो." एका घरून भावाचा फोन आला. बहीण आदल्या वर्षीच गेली होती. तरी तो अर्धा तास बोलत राहिला. शेवटी म्हणाला, "तिच्या माहेरच्या नावानं तिची चौकशी करणारं बऱ्याच वर्षांत कोणी भेटलं नव्हतं." त्या दिवशी मी पाचऐवजी दहा कार्डे लिहिली.

पण त्याच रजिस्टरात एका ओळीवर माझे बोट थांबले होते, ते मी सभेत कोणाला सांगितले नव्हते. त्या ओळीत शेवटच्या रकान्यात लिहिले होते: 'दाखला नेला, मार्च १९७३.'

ती पारनेर. तिचे खरे नाव वर्गातल्या दुसऱ्या एका मुलीचेही होते, म्हणून घोटाळा नको यासाठी आम्ही हिला तालुक्याच्या नावाने हाक मारत असू. एस. वाय. ला माझा नंबर चौसष्ट आणि तिचा पासष्ट. एकाच बाकावर बसायचो. ती होस्टेलवर राही आणि रविवारी आमच्याकडे जेवायला येई. माझी आई तिला वाढताना भाकरी मोजत नसे.

१९७२ साली पाऊस पडला नाही. पुण्यात आम्हाला दुष्काळ कळला तो रेशनच्या दुकानातल्या परदेशी लाल मिलोवरून. पारनेरला तो घरच्या पत्रांतून कळत होता. डिसेंबरच्या सुट्टीत ती गावी गेली. "आठ दिवसांत येते," म्हणाली. ती आली नाही. येईल, येईल म्हणून मी तीन आठवडे तिची प्रॉक्सी दिली. सर इंग्रजीतून नंबर पुकारायचे. "सिक्स्टी-फोर?" म्हटले की माझ्या आवाजात "येस सर", आणि "सिक्स्टी-फाइव्ह?" म्हटले की मान खाली घालून जरा किनऱ्या आवाजात पुन्हा "येस सर". केवढी मैत्रीण मी, असे मलाच वाटायचे!

फेब्रुवारीत तिचे निळे आंतरदेशीय पत्र आले. वडिलांची बैलजोडी विकली होती आणि घरची सगळी माणसे दुष्काळी कामावर जात होती. तीही जात होती, रस्त्याची खडी फोडायला. तिथे सुकडी मिळे, त्यावर धाकटी भावंडे निभत होती. पुढे लिहिले होते, की परीक्षेला बाहेरून बसता आले तर पाहणार आहे. तेव्हा सरांच्या टिपणांची वही आठ दिवसांसाठी पाठव, उतरवून लगेच परत करते.

वही कसली होती ठाऊक आहे? गोखले इन्स्टिट्यूटच्या दांडेकर आणि रथ यांचे भारतातील दारिद्र्यावरचे पुस्तक १९७१ साली आले होते. सर त्याच्यावर भारावून जाऊन शिकवत. माणसाला दिवसाला किती उष्मांक लागतात, त्याला किती खर्च येतो आणि तेवढेही किती जणांना मिळत नाही, हे सगळे मी सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले होते. १९७३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात जवळजवळ पन्नास लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. पुढे रोजगार हमीचा कायदा झाला तो या अनुभवातून, १९७७ साली. त्या पन्नास लाखांतली एक माझ्या बाकावरची होती आणि ती माझ्याकडे दारिद्र्यावरची वही मागत होती.

मी पाठवली नाही. परीक्षा एप्रिलमध्ये होती आणि वही एकच होती. झेरॉक्स तेव्हा कुठली? आज पाठवू, उद्या पाठवू असे करता करता परीक्षा आली. त्या पेपरात मला वर्गात सर्वांत जास्त गुण मिळाले. मग वाटले, आता कोणत्या तोंडाने लिहू? मग लग्न, मग बदली, मग मुले. पत्राला उत्तर राहून गेले ते गेलेच.

गणपतीच्या दिवशी मी ती खिडकी का उघडली, हे मला त्या रजिस्टरपुढे बसल्यावर कळले.

सभेत यादी वाचायची वेळ आली. आमचे एक सभासद मोठ्या सरकारी हुद्द्यावरून निवृत्त झालेले आहेत; त्यांना नियमावाचून करमत नाही. ते म्हणाले, "१९७४ ची बॅच म्हणजे १९७४ ला पास झालेले. कुठेतरी रेघ ओढायला हवी. नाहीतर नापास झालेले, सोडून गेलेले, सगळेच येतील."

पूर्वीची मी असते तर गप्प बसले असते. आयुष्यात गप्प बसूनच मी पुष्कळ चांगले गुण मिळवले आहेत! पण या वेळी मी म्हणाले, "रेघ ओढायचीच तर टी. वाय. च्या निकालावर नको, एस. वाय. च्या हजेरीवर ओढू. जे आपल्या शेजारी बसले, ते आपल्या वर्गातले."

"अहो, पण त्यानं पानं किती वाढतील?"

"पंचवीस. आणि ज्यांना वर्गणी जमणार नाही त्यांच्यासाठी सगळ्यांनीच ती बंद पाकिटात द्यायची. कोणी किती दिले, हे माझ्याखेरीज कोणाला कळणार नाही. आणि मी बँकेतली आहे."

ठराव तीन विरुद्ध दोन असा मंजूर झाला. सांगायची गंमत म्हणजे, एस. वाय. ला दोनदा आपटलेल्या आमच्या एका मित्राचे आज मोठे हार्डवेअरचे दुकान आहे. जिलबीचा सगळा खर्च त्यानेच उचलला. त्यावर मात्र कोणी नियम काढला नाही.

पारनेरच्या माहेरच्या पत्त्यावर मी कार्ड टाकले. आठवड्याभरात तिच्या भाच्याचा फोन आला. "आत्या सुप्याला असते. आत्याला सांगू का कोण बोलतंय?" "नको," मी म्हणाले, "मीच जाते."

पंच्याहत्तरी गाठली की एस. टी. फुकट; मी अजून पाच वर्षे अर्ध्या तिकिटाची. वाकडेवाडीहून नगरच्या गाडीत बसले. शिरूरला घोडनदीचा पूल ओलांडला, म्हणजे तेव्हाचा अहमदनगर आणि आताचा अहिल्यानगर जिल्हा लागतो. रस्ता रुंद आणि गुळगुळीत होता. या बाजूच्या कुठल्यातरी रस्त्याखाली तिने फोडलेली खडी असेल, असे सारखे मनात येत होते.

ती दारातच उभी होती. केस पांढरेशुभ्र, पाठ मात्र ताठ. मला पाहून म्हणाली, "चौसष्ट नंबर, उशीर केलास."

चहा झाला. तिने सगळे सांगितले, जसे आपण दुसऱ्या कोणाचे सांगावे तसे. दुष्काळातच लग्न झाले. पुढे गावात अंगणवाडी आली तशी ती सेविका झाली. नाशिकचे मुक्त विद्यापीठ १९८९ साली निघाले. त्यात नाव घातले आणि १९९६ मध्ये बी. ए. झाली. "तुमच्यापेक्षा बावीस वर्षं मागं," ती हसून म्हणाली. भिंतीवर तिचा पदवीचा फोटो होता. झगा घातलेली ती आणि शेजारी कॉलेजात जाणारी तिची मुलगी.

मी पत्राचा विषय काढला. बसमध्ये चार वाक्ये जुळवून ठेवली होती, त्यांतले एकही आठवेना. नुसते म्हणाले, "वही पाठवली नाही गं मी तुला."

ती थोडा वेळ कपाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "वही आली असती तरी मी परीक्षेला बसले असतेच असं नाही. फॉर्मला पैसे कुठे होते? वहीचं काही नाही. पण उत्तर यायला हवं होतं. रोज कामावरून आले की आईला विचारायची, टपाल आलं का. दोन महिने विचारलं. मग सोडून दिलं."

'जाऊ दे' असे ती म्हणाली नाही. मलाही तिने ते म्हणायला नको होते. जेवायला मात्र थांबवून घेतले. वाढताना भाकरी मोजल्या नाहीत.

संक्रांतीनंतरचा तो रविवार उजाडला. एकसष्ट माणसे आली. काठ्या, चष्मे, श्रवणयंत्रे आणि गोळ्यांचे डबे. पहिला अर्धा तास "ओळखलंस का?" आणि "नाही बुवा" यांतच गेला. मग आम्ही सरांना आणले. सर नव्वदी ओलांडलेले. मी त्यांच्या हाती एस. वाय. ची यादी दिली. नावे मुद्दामच घातली नव्हती. बायकांना कोणत्या नावाने पुकारायचे, हा प्रश्नच नको. नुसते नंबर. लग्नात तेवढी एकच गोष्ट बदललेली नव्हती. आणि नवल असे, की सकाळची गोळी घेतली की नाही हे न आठवणाऱ्यांनाही आपापला नंबर चोख आठवत होता!

सरांनी चष्मा पुसला आणि हजेरी सुरू केली. "वन?" "येस सर!" "टू?" "येस सर!" सगळे हसत होते. "नाइन?" म्हटले, आणि हॉल एकदम गप्प झाला. नऊ नंबरचा मित्र करोनाच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ साली गेला होता. गेलेल्यांचे नंबर वगळून यादी करायची, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. माझ्या पोटात धस्स झाले. तेवढ्यात मागच्या रांगेतून, त्याच्या बाकावर बसणाऱ्या आमच्या हार्डवेअरवाल्या मित्राचा आवाज आला, "येस सर."

सरांनी चष्म्यावरून पाहिले. एके काळी प्रॉक्सी पकडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. आज त्यांनी मुकाट्याने बरोबरची खूण केली. त्यानंतर प्रत्येक रिकाम्या नंबराला शेजारचे कोणी ना कोणी 'येस सर' म्हणत गेले. अकरा वेळा.

"सिक्स्टी-फोर?"

"येस सर," मी म्हणाले.

"सिक्स्टी-फाइव्ह?"

पन्नास वर्षांची सवय बघा! माझे तोंड उघडलेच होते. पण शेजारून आवाज आला, खणखणीत.

"हजर."

सर थांबले. "या नंबराला एक सेकंद उशिरा उत्तर यायचं आणि तेही शेजारच्या नंबराच्या आवाजात," ते म्हणाले. म्हणजे सरांना तेव्हाही ठाऊक होते! मी मान खाली घातली. मग त्यांनी तिच्याकडे पाहून विचारले, "किती दिवस गैरहजर?"

"एक्कावन्न वर्षं, सर."

"कारण?"

"दुष्काळ, सर."

सरांनी पेन उचलले. हात कापत होता, तरी खूण त्यांनी सावकाश आणि ठळक केली.

संमेलन पार पडले. खर्च जाऊन तेवीसशे रुपये उरले, त्यांचे काय करायचे यावर आमची समिती अजून भांडते आहे आणि गटावर सुप्रभात चालू आहेत. महिन्याभराने सुप्याहून एक पोस्टकार्ड आले. फोन असताना कार्ड कशाला, असे ह्यांना वाटले. त्यात विशेष काही नव्हते. पोचले, गुडघ्याला तेल लाव, शेवग्याच्या शेंगा कोणाबरोबर तरी पाठवते, इतकेच.

मी त्याच दिवशी उत्तर टाकले.